पाळीव प्राण्याचा मृतदेह : माती, अग्नी आणि बाकीचे प्रश्न

घरात वाढवलेला कुत्रा, मांजर किंवा पोपट मेल्यावर त्याच्या देहाचे काय करायचे, हा निर्णय बहुतेक कुटुंबांना काही तासांत घ्यावा लागतो. माणूस गेला की पुढचे सगळे रीतीने ठरलेले असते. शेजारी-नातेवाईक धावून येतात, काय आणायचे आणि कुठे न्यायचे हे विचारावेही लागत नाही. प्राण्याच्या बाबतीत अशी घट्ट रीत नाही. खेड्यात परड्यात किंवा बांधावर खड्डा घेतात. शहरात चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाकडे खड्डा घ्यायला स्वतःची वीतभर जमीन नसते. मग रात्री उशिरा फोनाफोनी सुरू होते आणि जे पहिले सुचेल ते केले जाते. प्राणी म्हातारा झाला किंवा असाध्य आजारी पडला, की तो जिवंत असतानाच हा विषय घरात बोलून ठेवावा. त्यात अभद्र काही नाही.

सर्वांत आधी मृत्यूची खात्री व्हायला हवी. छाती हलायची थांबली एवढे पुरेसे नसते. डॉक्टर स्टेथोस्कोपने काही मिनिटे ठोके ऐकतात आणि डोळ्याच्या बुबुळाला हलका स्पर्श करून पापणी मिटते का ते पाहतात. हॅमस्टर आणि कासव यांच्याबाबत जास्त सावध राहावे लागते. फार गारठ्यात हॅमस्टर सुस्तावून थंडगार पडतो, त्याचा श्वास जवळजवळ दिसेनासा होतो आणि ऊब मिळाल्यावर तो पुन्हा हलू लागतो. थंडावलेल्या कासवाचे हृदयही अतिशय सावकाश चालते. अशा प्राण्याला पुरण्याची घाई करू नये.

मृत्यूनंतर काही तासांत अंग ताठरू लागते. त्यापूर्वीच पाय पोटाशी घेऊन, झोपल्यासारखा देह ठेवला तर पुढे तो कापडात गुंडाळणे, गाडीत ठेवणे आणि खड्ड्यात उतरवणे सोपे जाते. पाय पसरलेल्या अवस्थेत ताठरलेल्या मोठ्या कुत्र्याला दुप्पट लांबीचा खड्डा लागतो. स्नायू सैल पडल्याने लघवी, विष्ठा किंवा तोंडातून पाणी येते. हे स्वाभाविक असते, पण माहीत नसले की मुले घाबरतात. खाली जुने वर्तमानपत्र, त्यावर सुती चादर आणि पोटाशी बर्फाच्या पिशव्या अशी व्यवस्था असली तर रात्र निभावते. एप्रिल-मेच्या उकाड्यात अर्ध्या दिवसात पोट फुगू लागते, तेव्हा उशीर परवडत नाही. घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याला एकदा जवळ येऊन हुंगू द्यायला हरकत नाही. मात्र मृत्यू संसर्गाने झाला असेल तर हे टाळावे.

मृत्यूचे कारण हा पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया आहे. त्यातही रेबीजची शंका सर्वांत गंभीर. लाळ गळणे, आवाज बदलणे, जबडा लोंबणे, अचानक चावरेपणा किंवा उलट पायांतले बळ जाणे अशा लक्षणांनंतर कुत्रा किंवा मांजर मेले असेल, किंवा मेलेल्या प्राण्याने मागच्या दहा दिवसांत कोणाला चावले असेल, तर तो देह परस्पर पुरू नये. आधी पशुवैद्यकाला कळवावे. रेबीजचे निदान मेंदूच्या नमुन्यावरून होते, आणि देह एकदा मातीत गेला की ती संधी संपते. चावलेल्या माणसाने मात्र तपासणीच्या निकालाची वाट पाहायची नसते. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुऊन लस लगेच सुरू करायची असते. अशा देहाला उघड्या हाताने शिवू नये, तोंडाजवळची लाळ पुसू नये, अंथरूण देहाबरोबरच नष्ट करावे. लेप्टोस्पायरोसिसने मेलेल्या कुत्र्याच्या लघवीपासूनही जपावे लागते. पिंजऱ्यातले पक्षी एकामागून एक मरू लागले तर ते मुकाट पुरून टाकण्याऐवजी पशुसंवर्धन विभागाला सांगावे. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला उघड झाली, आणि तिथल्या कोंबड्या मोठ्या प्रमाणावर मारून पुराव्या लागल्या होत्या. मृत्यूचे कारण कळत नसेल आणि शवविच्छेदन करून घ्यायचे असेल तर देह थंड ठेवावा, गोठवू नये. गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही नीट दिसत नाही.

पुरणे ही सर्वांत जुनी रीत. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल येथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात माणसांसोबत कुत्र्याचे अवशेष मिळाले आहेत. काश्मीरमधल्या बुर्झहोम या नवाश्मयुगीन वसाहतीतही कुत्री पुरलेली सापडली. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली प्राण्यांची दफनभूमी उजेडात आली. तिथे मुख्यतः मांजरे आहेत आणि काहींच्या गळ्यात पट्टेही आहेत. त्यांच्यात भारतातून जहाजाने नेलेली माकडेही जपून पुरलेली आढळली. दक्षिण भारतात कुत्र्यांचे वीरगळ आहेत. कर्नाटकातल्या आतकूरचा दहाव्या शतकाच्या मध्यातला शिलालेख ‘काळी’ नावाच्या कुत्र्याची हकीकत सांगतो. ती रानडुकराशी झुंजत मेली आणि तिच्या दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. रायगडावर शिवसमाधीजवळ असलेले वाघ्या कुत्र्याचे स्मारक विसाव्या शतकातले आहे. त्याच्या ऐतिहासिक आधाराविषयी मोठा वाद आहे.

आजच्या घरासाठी मात्र इतिहासापेक्षा माती महत्त्वाची. देहावर किमान तीन फूट माती यायला हवी. म्हणजे तीस किलोच्या लॅब्रेडॉरसाठी साडेचार-पाच फूट खोल खड्डा लागतो. दोन फुटांचा खड्डा घेतला तर भटकी कुत्री, कोल्हे किंवा मुंगूस तिसऱ्या दिवशी तो उकरतात, आणि ज्यांनी त्या प्राण्याला लहानाचा मोठा केला त्यांना ते पाहावे लागते. महाराष्ट्रात खड्डा कुठे घेतला जातो यावर पुष्कळ अवलंबून असते. कोकणात जांभ्याचा कातळ दोन फुटांवर लागतो, तिथे कुदळ चालत नाही आणि पहारीने फोडत बसावे लागते. किनाऱ्याजवळच्या वाडीत पावसाळ्यात भूजल इतके वर येते की खड्ड्यात आधीच पाणी साठते, आणि त्यात पुरलेला देह कुजण्याऐवजी नुसता भिजत राहतो. देशावरच्या काळ्या मातीची अडचण निराळी. पावसात ती सहज खणता येते, पण उन्हाळ्यात तिला हात-हातभर खोल भेगा पडतात. वरवर पुरलेल्या देहाचा वास त्या भेगांतून बाहेर येतो. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी, उंचावरची जागा सर्वांत चांगली. विहीर, बोअरवेल, ओढा यांपासून शंभर फूट तरी अंतर असावे. वर दगड रचावेत किंवा बाभळीचे फांजर ठेवावे.

खड्ड्यात पोतेभर मीठ घालण्याची चाल महाराष्ट्रात सर्रास दिसते. मिठाने देह लवकर विरघळतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात होते ते उलटे. मीठ पाणी शोषून घेते आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना रोखते. मासळी खारवताना मीठ नेमके हेच काम करते. शिवाय ते मातीत उतरून झाडाच्या मुळांना अपाय करते. ज्या आंब्याखाली किंवा नारळाखाली आपले मांजर असावे अशी इच्छा असते, त्याच झाडाला त्याचा त्रास होतो. चुन्याचीही गोष्ट तशीच. डुकरांच्या मृतदेहांवर केलेल्या प्रयोगांत चुन्यामुळे विघटन लांबल्याचे दिसून आले आहे. चुन्याने वास दबतो आणि उकरणारी जनावरे दूर राहतात, म्हणून संसर्गजन्य आजारात त्याचा थर घालतात. एरवी त्याची गरज नाही. हळद, फुले, तुळशीचे पान यांनी काही बिघडत नाही. पॉलिथिन, रेक्झिनचे अंथरूण, नायलॉनचा पट्टा मात्र काढून घ्यावा. सुती कापडात गुंडाळलेला देहच मातीत मिळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला देह वर्षानुवर्षे तसाच सडत राहतो.

दयामरण दिलेल्या प्राण्याच्या बाबतीत पुरण्याचा विचार शक्यतो सोडून द्यावा. हा मुद्दा डॉक्टरही अनेकदा मालकाला सांगत नाहीत. त्यासाठी वापरली जाणारी बार्बिट्युरेट गटातली औषधे देहात राहतात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतात. असा देह उकरून खाणारा कुत्रा, कावळा किंवा गिधाड त्याच विषाने मरू शकते. औषधाने भरलेली मढी गिधाडांना काय करतात हे भारताने पाहिले आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे १९९० नंतर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. दयामरण दिलेल्या प्राण्यासाठी दहन हा सुरक्षित मार्ग आहे. ते अगदीच शक्य नसेल तर खड्डा नेहमीपेक्षा खोल घ्यावा आणि तो त्याच दिवशी बुजवावा.

जागा कोणाची, हाही तितकाच अवघड प्रश्न. सोसायटीच्या बागेत, मोकळ्या प्लॉटमध्ये किंवा टेकडीवर गुपचूप पुरणे शहरात चालू असते. सोसायटीची जमीन सामाईक असते, टेकडी वनखात्याची किंवा महापालिकेची असते, आणि तिथे कोणा एका कुटुंबाचा हक्क नसतो. त्याहून मोठी अडचण पुढे येते. मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की सगळी जमीन तळघरासाठी खोल खोदली जाते. ज्या कोपऱ्यात दहा वर्षे दिवा लावला, तिथली माती एका दुपारी डंपरमधून निघून जाते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर ती जागा घर सोडल्यावर दिसतही नाही. कायमची खूण हवी असणाऱ्यांनी स्वतःच्या मालकीच्या जमिनीतच पुरावे, नाहीतर दहन करून रक्षा जवळ ठेवावी.

प्राण्यांसाठी राखलेल्या दफनभूमी युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. लंडनच्या हाइड पार्कात १८८१ साली चेरी नावाच्या छोट्या कुत्रीपासून तशी सुरुवात झाली. न्यूयॉर्कजवळ हार्ट्सडेल येथे १८९६ साली एका पशुवैद्यकाने आपल्या फळबागेत जागा दिली. पॅरिसलगतच्या आस्निएर येथली दफनभूमी १८९९ सालची आहे. मेलेली कुत्री सीन नदीत फेकण्याला त्या सुमारास कायद्याने आळा बसला होता. भारतीय शहरांत जमिनीचे भाव पाहता असा विस्तार होणे नाही. इथे काही प्राणीसेवी संस्थांनी थोडी जागा राखली आहे आणि ती लवकर भरते.

त्यामुळे शहरात दहनाला पर्याय नाही, आणि हे मान्य करून महापालिकांनी दाहिन्या बांधाव्यात. बृहन्मुंबई महापालिकेने २०२३ साली मालाडला लहान प्राण्यांसाठी पाइप गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. दीड-दोन कोटींच्या शहराला हे पाऊल फार उशिरा सुचले. दाहिनीत सुमारे ८०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानाला देह जळतो आणि धूर दुसऱ्या कक्षात पुन्हा जाळला जातो. मोठ्या कुत्र्याला दीड-दोन तास लागतात. उरते ती मुख्यतः हाडांमधल्या कॅल्शियम फॉस्फेटची राख. तिचे वजन देहाच्या तीन-चार टक्के असते, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याची पाऊण किलोच्या आतबाहेर. रक्षा हवी असेल तर दहन स्वतंत्र होणार की चार-पाच देह एकत्र जाळणार, हे आधी स्पष्ट विचारावे. एकत्र दहनातून एका प्राण्याची रक्षा वेगळी निघू शकत नाही. तरीही ती दिली जात असेल तर ती फसवणूक आहे. पट्टा, घंटा, प्लॅस्टिकची खेळणी काढून ठेवावीत. माणसांच्या स्मशानभूमीत प्राण्यांचे दहन सहसा होऊ देत नाहीत. लाकडांवर उघड्यावर दहन करायचे तर मोठ्या कुत्र्यालाही बरेच लाकूड लागते. ते कमी पडले तर अर्धवट जळलेला देह मागे राहतो, आणि ती विटंबना दफनापेक्षा वाईट.

रक्षा कुंडीत टाकून वर रोप लावण्याची पद्धत वाढते आहे. रक्षा अल्कधर्मी आणि खारट असते. मूठभर रक्षा भरपूर माती आणि शेणखतात मिसळली तरच रोप तग धरते. काही देशांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात देह विरघळवण्याची पद्धत रूढ झाली आहे. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांचे अंत्यसंस्कार २०२२ मध्ये याच रीतीने झाले. तिच्यात इंधन कमी लागते. पेंढा भरून देह जपण्याचा मार्गही काहींना सुचतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हे काम वन्यप्राण्यांसाठी होते. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा पर्याय क्वचितच समाधान देतो. कातडी खरी असते, पण चेहऱ्यावरची ओळखीची नजर परत येत नाही. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत शिक्षणासाठी देह लागतात. द्यायची इच्छा असेल तर मृत्यूच्या आधीच तिथे विचारून ठेवावे.

आता हे काम कोण करते त्याबद्दल. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मेलेले जनावर ओढून गावाबाहेर नेणे महारांवर लादलेले होते आणि त्याच कामामुळे त्यांना अस्पृश्य मानले जाई. मालकाने बैलावर जीव लावायचा, पोळ्याला त्याची पूजा करायची आणि तो मेला की हात लावायचा नाही, अशी ती व्यवस्था होती. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे गावोगावी महारांनी गुरे ओढणे बंद केले आणि त्याबद्दल बहिष्कार आणि मारहाण सोसली. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेले. तरी २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे सोडवणाऱ्या दलित तरुणांना जाहीर मारहाण झाली, आणि तिथल्या अनेकांनी मढी उचलणे थांबवले. आज शहरात मेलेले मांजर काळ्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकले जाते, तेव्हा ते कचरा वेगळा करणाऱ्या कामगाराच्या हातात फुटते. तो कामगार कोणत्या समाजातला असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी प्राणी सांभाळला त्यांनीच त्याला शेवटी उचलावे, खड्डा शक्य तितका स्वतः घ्यावा. मजूर लावला किंवा पालिकेची गाडी बोलावली तर मृत्यूचे कारण त्याला खरे सांगावे, हातमोजे द्यावेत आणि पूर्ण मोबदला द्यावा.

मोठ्या जनावरांचा विषय वेगळा आहे. चारशे किलोच्या बैलाला हाताने खड्डा घेणे चार माणसांचे दिवसभराचे काम, म्हणून आता बहुधा जेसीबी बोलावतात. अनेक शेतकरी बैलाला स्वतःच्याच शेतात पुरतात, समाधी बांधतात आणि दहावा-तेरावाही करतात. अशा जनावराचे पोट अचानक फुगून नाका-गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आले असेल तर ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. त्याचे बीजाणू मातीत दशकानुदशके जिवंत राहतात. ते मढे फाडू नये, कातडे काढू नये, डॉक्टर येईपर्यंत हलवूही नये.

कायदा या विषयाबाबत अगदीच मुका नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमात मेलेली जनावरे उचलण्याची व्यवस्था करणे हे आयुक्तांचे कर्तव्य ठरवले आहे. ज्याच्या जागेत प्राणी मरेल त्याने तीन तासांच्या आत, आणि रात्री मेल्यास सूर्योदयानंतर तीन तासांत, पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे नागरिकाने सेवा मागणे ही मेहेरबानी नव्हे. पशुवैद्यकीय रुग्णालयातून निघणारे प्राण्यांचे अवयव आणि मृतदेह २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांखाली येतात. तिथे दाहिनी, नाहीतर सुमारे दोन मीटर खोल दफन सांगितले आहे. त्यामुळे दवाखान्यात मेलेला प्राणी तिथेच ठेवून जायचा असेल तर त्याचे पुढे काय होणार, हे विचारून घ्यावे.

धार्मिक विधी करावेत का, यावर शास्त्राचा एकमुखी आदेश नाही. महाभारतात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो, दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या सोबत कुत्री असतात. पण घरच्या कुत्र्याचे पिंडदान करायलाच हवे असा दंडक कुठल्याही घराला लागू नाही. नैवेद्य दाखवणे, दहाव्या दिवशी भटक्या कुत्र्यांना जेवू घालणे, किंवा काहीच न करता नुसते बसून राहणे, यातले जे कुटुंबाला पेलेल ते करावे. लहान मुलांना देह पाहू द्यावा आणि माती लोटू द्यावी. ‘गावाला पाठवला’ असे सांगितले की ती महिनोन्‌महिने वाट पाहतात.

कागदोपत्री कामे थोडीच, पण ती आठवणीने करावी लागतात. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना रद्द करून घ्यावा. विमा असेल तर देह हलवण्यापूर्वी कंपनीला कळवावे, फोटो काढावेत आणि पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा. गायी-म्हशींच्या विम्यात कानातला बिल्ला नसेल तर दावा नामंजूर होतो, तेव्हा तो जनावराबरोबर पुरला जाणार नाही हे पाहावे. आफ्रिकन करडा पोपट किंवा मकाव यांसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, आणि त्यांच्या मृत्यूची नोंदही तिथेच करावी लागते. देशी पोपट आणि तारा कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते पाळणे मुळातच बेकायदा, आणि मेल्यावर त्यांची कवटी, कवच किंवा पेंढा भरलेला देह आठवण म्हणून ठेवणेही गुन्हा ठरतो.